कपाटाचं माप

झुंबरबाईने सुनेची पिशवी ओट्यावर उपडी केली. कंगवा, केळीच्या वेफर्सचं अर्धं पाकीट, बसची तिकिटं, रुमाल आणि प्लास्टिकच्या इवल्याशा डबीत, कानात घालायच्या कापसाएवढे, दोन नारिंगी बोळे. गोळ्या म्हणाव्यात तर मऊ. तिने एक दाताखाली धरून पाहिला. रबर. थुंकून तिने तो पदराला पुसला, डबीत ठेवला आणि सगळं होतं तसं भरलं. वेफर्स तेवढे दोन तोंडात टाकले.

औषध नव्हतंच. म्हणजे तिचा वहीम खरा होता.

महिनाभर नवल आणि सारिका जळगावच्या खेपा घालत होते. आधी म्हणाले, काम आहे. मग म्हणाले, डॉक्टरकडे जायचंय. आणि काल संध्याकाळी सारिकाने तिला खाटेवर बसवून, स्वतः खाली बसून, शाळेतल्या बाईसारखं समजावून सांगितलं होतं. नवलला ॲस्पर्जर की काय ते आहे म्हणे.

"ताप येस का त्याले?"

"नाही, आई."

"साखर?"

"तसला आजारच नाही हा. मेंदूची घडणच तशी असते, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले, आता त्याला ऑटिझमच म्हणतात, हे जुनं नाव. बाकीच्यांना जे न सांगता कळतं ते ह्यांना सांगावं लागतं. मोठे आवाज सोसत नाहीत. डोळ्याला डोळा देऊन बोलायचं म्हटलं की जीव गोळा होतो. आणि खोटं बोलायचं तर फारच जड जातं."

"दवा काय दिनी?"

"त्याला औषध नसतं, आई."

"मंग डागदरनी काय करं? मुंडावळ्या बांध्यात का?"

सारिकाला हसू आलं, ते तिने पदराआड दाबलं. धुळ्याची पोर, हसणंसुद्धा मोजून. नवल मात्र हसला नाही. तो कोपऱ्यात एका पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. मान वर न करता म्हणाला,

"मी मुद्दाम नही करत व्हतू, माय."

काय मुद्दाम करत नव्हता, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पण रात्री खाटेवर पडल्यावर तिला पंखा आठवला. नवलचा बाप गेला तेव्हा दारावर माणसं बसायला आलेली. रावेरपासून पिंपळनेरपर्यंतचे सोयरे, पांढऱ्या टोप्या, बायांचं रडणं. आणि हा पोटचा लेक, डोळ्यांत टिपूस नाही, स्टूल मांडून वर चढला आणि पंखा उघडून बसला. का, तर कटकट करतो. तिने त्याला भर माणसांत खाली ओढलं होतं. हनुवटी धरून तोंड वर केलं होतं, लहानपणापासून करायची तसं. मन्हाकडे देख. बाप मरना तुना, मन्हाकडे देख! त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. सोयरे आजही लग्नाकार्यात त्या पंख्याची गोष्ट काढतात.

मोठा बाप्या माणूस, मिशीत पांढरे केस आलेला, आणि त्याची जन्मापासूनची गोष्ट आत्ता सापडते? ताप नाही, दवा नाही, पथ्य नाही. असलं दुखणं म्हणजे नुसतं पांघरूण. आणि पांघरुणाखाली काय झाकतात हे झुंबरबाईला कुणी शिकवायला नको होतं. शेजारच्या शेवंताबाईची पोरंही आधी दात दाखवायलाच जळगावला जायची. दात दाखवता दाखवता तिथेच राहिली. शेवंताबाई आता एकटीसाठी एक भाकरी टाकते आणि घरात माणसांचा आवाज हवा म्हणून टीव्ही मोठ्याने लावते.

शिवाय झुंबरबाईचे कान शाबूत होते. परवा मागच्या दारी सारिका फोनवर म्हणत होती, "गॅलरी नसली तरी चालेल हो, पण खोली शांत पाहिजे." आणि डोळेही शाबूत होते. शनिवारी सारिका लोखंडी कपाट पुसत होती. एका हाताने फडकं फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने वीत टाकत होती.

कपाट पुसायला वीत लागत नाही.

दुपारी तिने परसात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि हिरवी वांगी जाळावर ठेवली. भाजताना तिने मनाशी सगळं नीट लावून घेतलं. दुखणं खरं असलं तर पोरगा खोटं बोलणार नाही. विचारू ते सांगेल. आणि सफाईने खोटं बोलला, तर दुखणंही खोटं, सूनही खोटी. दोन्हीकडून आपल्यालाच कळणार. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. एवढं डॉक्टरला सुचलं नसतं.

वांगी सोलून तिने लाकडी बडगीत घातली. ठेचायच्या आधी हाक मारली.

"नवल, आठे ये."

तो आला आणि नेहमीसारखा तिच्याकडे खांदा करून, बडगीकडे बघत उभा राहिला. आत चुलीपाशी सारिका कळण्याच्या भाकरी थापत होती. थप थप आवाज येत होता.

"तुम्हीन जळगावले घर देखं का? माले आठे सोडीसन जाई ऱ्हायनात का?"

आतला आवाज थांबला.

नवलने सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं. चोळलं. मग त्याने मान वर केली, आपणहून, कुणी हनुवटी न धरता, आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

झुंबरबाईच्या हातातलं वांग्याचं देठ तसंच राहिलं. ह्याचे डोळे घारे आहेत, ह्याच्या बापासारखे, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. पापणी लवत नव्हती. कपाळावर घाम आला होता. खाली ती चिमूट सदऱ्याला पीळ घालत होती, घालतच होती.

"नाही, आई," तो म्हणाला. "आम्ही कुठेही जात नाही."

एकेक शब्द वेगळा, घासून पुसून मांडलेला. आई म्हणाला. जन्मात त्याने तिला माय सोडून हाक मारली नव्हती. हे वाक्य त्याचं नव्हतं. कुणीतरी त्याला ते द्यायचं, त्याने ते मोटारीच्या तारेसारखं आत भरायचं, पुन्हा उकलायचं, पुन्हा भरायचं, असं किती दिवस चाललं असेल कोण जाणे. आणि डोळ्यांत बघायचं, हे मात्र त्याला सुनेने सांगितलं नसणार. ते आईनेच सांगून ठेवलं होतं.

तो अजून बघतच होता. डोळ्यांत पाणी जमलं होतं, पण तो हलत नव्हता. कधी थांबायचं, हे बहुधा त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे घर पाहिलं होतं. आणि दुखणंही खरं होतं.

"बरं," झुंबरबाई म्हणाली. आवाज तिने जागच्या जागी ठेवला. "आते खाले देख, भाऊ."

नवलने मान खाली घातली. त्याचा श्वास सुटला तो तिला ऐकू आला. तो तसाच वळला आणि घरात, आपल्या मोटारीकडे गेला.

तिने कांदा घेतला, पुन्हा बाजूला ठेवला. भरतात कच्चा कांदा दाताखाली आला की नवल ताटावरून उठतो. आजवर ती मुद्दाम घालत आली होती. आत भाकरीची थपथप पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जरा घाईने.

झुंबरबाईने बडगी पुढे ओढली.

"सारिका!" तिने घरभर ऐकू जाईल असा आवाज दिला. "वीतवर मोजशी तर कपाट दारमा अडकी. मोटारनी पेटीमा टेप शे. ते ले."

थपथप थांबली. झुंबरबाई वांगी ठेचू लागली.