दोन सेकंदांत समान

किशोरने लावलेली तपासणी दोन सेकंदांत संपली, तेव्हाच दीपालीला शंका आली. गुणाकाराची दोन सर्किटं समान आहेत हे सिद्ध करायला त्यांच्या यंत्राला कधी तीन तासांहून कमी लागलं नव्हतं.

नेऱ्याच्या त्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकसाठी चिप आखत. किशोरने जुनं सर्किट आटोपशीर केलं होतं. जुन्या-नव्याची उत्तरं वेगळी येतील असा एक तरी आकडा आहे का, हे सॉल्व्हर हा प्रोग्रॅम शोधायचा. मुळीच नसला, तर दोन्ही समान. निकालाखाली सही दीपालीची. शुक्रवारी आराखडा कारखान्यात जाणार होता, आणि सिलिकॉनवर उतरलेली चूक खोडता येत नाही.

"बघितलं का मॅडम? सगळं हिरवं." किशोर शेजारच्याच चांदे गावचा; खुशीत आला की गावाकडच्या बोलीवर यायचा. "तुमी उगा कीस काढत बसता."

"अटी कोणत्या घातल्यास?"

"असतील ईस-बावीस. नको ते आकडे गाळाया."

तिने फाइल उघडली. पाचव्या ओळीत, रीसेट, म्हणजे सर्किट मूळपदावर आणणारा संकेत, शून्य असावा. एकोणिसाव्या ओळीत, रीसेट एक असावा. दोन्ही एकदम पाळणारा आकडा असणंच शक्य नव्हतं, मग सॉल्व्हरला सापडणार काय? सगळा वर्ग घरी धाडायचा आणि कुणीच नापास नाही म्हणून मिरवायचं, तसली ही हुशारी.

समजावून सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिने नव्या सर्किटच्या जागी बेरजेचं सर्किट बसवलं. अटी त्याच्याच. दोन सेकंद. हिरवं.

"वाच."

"गुणाकार आणि बेरीज समान." किशोरने डोकं खाजवलं. "सॉल्व्हरमदी बग हाय वाटतं."

दीपालीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याचं सर्किट परत बसवून तिने एकोणिसावी ओळ पुसली. थोड्याच वेळात उत्तर आलं: उणे एक गुणिले उणे एक. जुनं सर्किट म्हणे एक, नवं म्हणे उणे एक.

"हे सातवीत असतं," ती म्हणाली.

"ब्रेकमदी उणे आकडे कशाला येतील? करा की सही. शुक्रवार हाय."

तिने सहीच्या रकान्यात 'समान नाहीत' लिहिलं, दोन्ही सर्किटांची उत्तरं सोबत जोडली आणि अहवाल पाठवून दिला.

"निदान माझं नाव तरी घालायचं न्हाई, मॅडम."

"मी घातलं नाही. आराखड्यावर तूच टाकलंयस, ठळक अक्षरात."