उजव्या अंगाचं फूल

आचल सव्वादोन वर्षांची झाली, तरी तिला माझी हाक ऐकू येते की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. कुकरच्या शिट्टीला ती वळायची. पण शिट्टीला वळायची, की वाफ दिसली म्हणून? तिच्या पाठीमागे उभी राहून मी स्टीलची ताटली वाजवायची. कधी वळे, कधी नाही. तारीख-वेळ घालून मी ते एका वहीत लिहून ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, "आमचा मनोजही तीन वर्षं मुकाच होता. आता पाह्य, थांबते का बोलायचा?"

डॉक्टरांनी कानांची तपासणी करायला सांगितली होती. बाळाला झोपवून, कपाळाला आणि कानामागे तारा लावून करतात ती. अमरावतीतच, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. दोनदा तारीख घेतली, दोनदा मीच चुकवली. एकदा तिला सर्दी होती, एकदा मला अमावास्या आठवली. एकदा कळलं की कळलं, ते मागे घेता येत नाही, याची मला भीती वाटत होती.

तिसरी तारीख सोमवारची होती. शनिवारी मी आचलला घेऊन बार्शीटाकळीला, बाबांच्या वावरात गेले. मनोजला सांगितलं, मायची आठवण येते. खरं तर मला कौल लावायचा होता.

आमच्या विहिरीजवळ आसरा आहेत, पाण्याच्या साती देवी. निंबाखाली शेंदूर लावलेले सात दगड. मधल्या दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओलं करून एकेक झेंडूचं फूल टेकवायचं, मनातलं विचारायचं आणि हात जोडून उभं राहायचं. उजव्या अंगाचं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. यंदा शेवंती लावू का, विहीर अजून खोल करू का, हे सगळं बाबा आसरांना विचारत. आम्ही फुलंवाले, आमच्या घरी देवाशी बोलणंही फुलांतूनच.

दसऱ्याआधीच्या तोडणीच्या सकाळी मला अजून लख्ख आठवतात. दवानं पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा. बोटं पिवळी-काळी व्हायची, आणि शाळेत गेल्यावर माझ्या शेजारची मुलगी नाक मुरडायची, "आली झेंडूबाई!" ओल्या गोणपाटात बांधलेले गठ्ठे अकोल्याच्या पहिल्या एसटीच्या टपावर चढायचे. कंडक्टर आधी आपल्या गणपतीच्या फोटोसाठी दोन फुलं मागून घ्यायचा आणि मगच घंटी द्यायचा. बाबा टपावरून उतरता उतरता ओरडायचे, "भाऊ, देवाले दिलं, आता बिरेक जरा हळू मारजो!" त्या दिवसांत मला कशाचीच काळजी नव्हती. काळजी करायचं काम आसरांचं होतं.

फक्त एकदा मी त्यांच्यावर सोडलं नाही.

बारावी झाली तेव्हा बाबांनी कौल लावायचं ठरवलं. पोरीला शिकायला अमरावतीला ठेवू का? फुलं आणायला मलाच सांगितलं. तोडणाऱ्याच्या पोरीला माहीत असतं, पाणी प्यालेलं फूल जड होतं आणि जड फूल आधी घसरतं. उजव्या अंगासाठी मी तळहाताएवढं फूल तासभर बादलीत बुडवून ठेवलं. डाव्यासाठी अर्धं उमललेलं, हलकं. बाबा हात जोडतात न जोडतात तोच उजवं पडलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दर दसऱ्याला ते त्या कौलाचा नारळ फोडत आले. कॉलेज, नोकरी, मनोज, आचल, माझं सगळं आयुष्य त्या भिजवलेल्या फुलातून आलं होतं.

आणि आता त्याच दगडापुढे मी उभी होते. या वेळी मी फुलं वावरातल्या तराजूत तोलून घेतली होती. काटा जराही हलला नव्हता. पण हात वर जाईना. जिला मी फसवलं, ती आसरामाय खरं सांगेल का? की आचलचा कान हेच तिचं उत्तर असेल?

"काय वं, कवाची उभी हायस? लेकरू चिखलात बसलं होतं तिकडं." बाबा मागे आले होते. आचलला त्यांनी कडेवर घेतलं होतं. मागून माय न्याहारीचा डबा घेऊन आली.

मी बोलायला लागले आणि थांबलेच नाही. ताटली, वही, चुकवलेल्या तारखा, आणि ते बादलीतलं फूल.

बाबांनी आचलला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे पंधरा वर्षं मी आसरांले नारळ देऊन राहिलो, आन् निकाल तुवा लावला!"

"बाबा, मला माफ—"

"तुमाले का वाटलं," माय मध्येच म्हणाली, "पोरीच्या डोक्यात बादली कोणं घातली? आसरामायलेच पोरगी पाठवाची होती. तुमी काई पाठवत नव्हते, मले ठाऊक नाई का!"

"झालं! आता माह्यावरच आलं."

"मग कोणावर येईन?"

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, "माय, मी फसवलं म्हणून तर आचलला..."

"थोबाड फोडीन," माय म्हणाली. "लेकराचा कान कापून हिशेब करणारी आसरामाय नाई आपली. मी रोज दिवा लावतो तिले. वळखतो मी."

बाबांनी माझ्या हातातली फुलं पाहिली. "काय इचारणार होती?"

"हिला ऐकू येतं का."

"आन् 'हो' आला असता, त सोमवारी गेली असती का?"

मी हातातल्या फुलांकडे पाहिलं.

"आन् 'नाई' आला असता तरी गेली नसती. मले ठाऊक हाय." ते खाली बसले. "पोरी, कौल आपल्या हातच्या कामाचा असते. पेरू का नोको, पाठवू का नोको. कानात जे हाय ते आसरामायनं कवाचंच ठेवलं. ते इचाराचं नसते, जाऊन पाहाचं असते."

"आणि वाईट असलं तर?"

"त मले काय माईत? तिले माईत." मग त्यांनी दोन्ही फुलं माझ्या हातून घेतली नाहीत, माझाच हात धरून खाली नेला. "कौलाचं फूल खांद्यावर. वाहाचं फूल पायापाशी. आज वाह्य."

मी फुलं पायाशी ठेवली. काही विचारलं नाही. ते फार अवघड गेलं, हे लिहायला हवं. तोंडापर्यंत प्रश्न आला होता.

सोमवारी आचल औषधानं झोपली. तिच्या कपाळाला तारा चिकटवल्या, कानात छोट्या नळ्या घातल्या. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "बसायचं तर बसा, पण मधे काही विचारू नका." पडद्यावर रेषा उठत होत्या, बसत होत्या. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मनोज माझ्याकडे पाहत होता, मी घाबरले का ते बघायला. घाबरले होतेच. पण वही आणली नव्हती.

मनात म्हटलं, आसरामाय, तू काय ठेवलंस ते तुला ठाऊक. जे असेल ते मी घरी घेऊन जाईन.

तासाभरानं ताईंनी नळ्या काढल्या आणि आतल्या खोलीत डॉक्टरांकडे कागद दिले. थोड्या वेळानं दार उघडलं.

"आचलची आई?"

"मी," म्हटलं, झोपलेल्या आचलला खांद्यावर घेतलं आणि आत गेले.