लाल कुठली, हिरवी कुठली

मी एक जनुक बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि तुमच्या डोळ्यांना दिसेन एवढा तर मी मुळीच नाही. तरी आज मला बोलायचं आहे. माझ्यामुळे एका माणसाच्या उजव्या हातातली पकड गेली आणि दोन सख्खे भाऊ तीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. हे ओझं घेऊन मी पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. कुठेतरी उतरवायला हवं.

आधी माझी ओळख सांगतो. मी म्हणजे लिहून ठेवलेली एक कृती. आमच्या भाषेत अक्षरं फक्त चार, पण ती हजारोंनी ओळीत मांडली की त्यातून मजकूर तयार होतो. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत माझी प्रत असते. पण हाडात, कातडीत, यकृतात माझं पान कायम मिटलेलं. ते उघडतं फक्त डोळ्याच्या आतल्या पडद्यावर. तिथल्या पेशी मला वाचतात आणि तांबडा उजेड टिपणारं एक प्रथिन तयार करतात. एवढंच माझं काम.

माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, माझा भाऊ राहायचा. त्याच्या मजकुरातून हिरवा उजेड टिपणारं प्रथिन बनायचं. आम्ही इतके सारखे की दोघांचा मजकूर शेजारी ठेवला तर शंभरातली दोन-चार अक्षरंच वेगळी निघावीत. मेंदू आमच्या दोघांची साक्ष काढतो, त्यातला फरक पाहतो, आणि मग ठरवतो की हा लाल आणि तो हिरवा. एकाच्याच साक्षीवर ते ठरत नाही.

आमची ताटातूट झाली ती एका न जन्मलेल्या मुलीच्या पोटात. ती स्वतः अजून आईच्या गर्भात होती आणि तिच्या अंगात तिची बीजं तयार होत होती. त्या वेळी आईकडून आलेलं गुणसूत्र आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र शेजारी शेजारी येतात आणि आपापले तुकडे बदलून घेतात. म्हणून तर एकाच घरातली भावंडंही एकमेकांसारखी नसतात. एरवी ही अदलाबदल अगदी काटेकोर असते. त्या दिवशी एका बीजात मात्र गफलत झाली. आम्ही दोघे इतके सारखे होतो की समोरच्या गुणसूत्राने माझ्या भावालाच मी समजून जोड लावली. काप चुकीच्या जागी पडला. माझा भाऊ पलीकडे गेला आणि मी अलीकडे एकटा राहिलो. तो पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही.

ती मुलगी जन्मली, वाढली, शिवणकाम शिकली. तिच्या डोळ्यांत काही खोट नव्हती. एकाच रंगाच्या दहा छटा ती नजरेने निवडायची. एकटा पडलेला मी होतो फक्त त्या एका बीजात, गप्प. तिच्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याच बीजाचा मुलगा झाला.

मुलाला असं गुणसूत्र एकच मिळतं, आईकडून. बापाकडून येतं ते आखूड, त्याच्यावर माझ्या कामाचं काही नसतं. मुलीकडे दोन असतात. एकात उणं असलं तरी दुसरं सांभाळून घेतं. मुलाकडे सांभाळून घेणारं कुणी नाही. त्याला जे दिसलं, ते माझ्या एकट्याच्या साक्षीवर.

आई मशीनवर बसल्या बसल्या त्याला सांगायची की तपकिरी रीळ आण. तो हिरवं आणायचा. पुन्हा पाठवलं की पुन्हा तेच. आईला वाटायचं, पोरगं मुद्दाम करतंय. एकदा गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. त्या दिवसापासून त्याने रिळांच्या जागा पाठ केल्या: वरच्या खणात डावीकडून तिसरं ते तपकिरी. शाळेत रंगपेटीतल्या कांड्यांवरची नावं वाचायचा. आपल्यात काहीतरी कमी आहे हे त्याला कळलं होतं, आणि ते झाकायचं असतं हेही तो शिकला होता. ही शिकवण मी दिली नव्हती. पण ती घ्यायची वेळ माझ्यामुळेच आली.

आणि असल्या माणसाने व्हावं काय, तर वायरमन. हात हुशार होता. भिंतीवर बोटाने ठोकून, कान लावून आत वायरींचा पाइप कुठून गेला ते सांगायचा. वायरींचे रंग उजेडात त्याला फिकट-गडद म्हणून थोडेफार कळायचे, आणि वीज चालू असताना टेस्टर लावला की कुठली जिवंत ते कळायचंच. दहा-बारा वर्षं एक चूक नाही. लोक म्हणायचे, वायरमन असावा तर असा.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी त्याच्या मित्राची बेकरी होती. दोघे एका बाकावर शिकलेले. बेकरीवाल्याचा धाकटा भाऊ थोरल्याच्याच हाताखाली तयार झालेला. भट्टी, माल, उधारी सगळं दोघे मिळून बघायचे. एके दुपारी पीठ मळायच्या यंत्राची केबल जळाली. संध्याकाळच्या पावांचं पीठ तसंच पडलेलं. धाकटा धावत जाऊन तयार प्लग असलेली नवी केबल घेऊन आला. वायरमनने मेन स्विच बंद केला, म्हणजे दिवेही गेले, आणि भट्टीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो यंत्राचं झाकण उघडून बसला.

केबलमधून तीन तारा निघाल्या. काळी त्याला ओळखता आली. उरलेल्या दोन. एक लाल, म्हणजे जिवंत. ती मोटरला द्यायची. एक हिरवी, म्हणजे जमिनीची, अर्थिंगची. ती यंत्राच्या लोखंडी अंगाला. त्याने दोन्ही डोळ्यांजवळ धरल्या. दोन्ही त्याला सारख्याच मातकट दिसल्या. धाकटा दोन पावलांवर उभा होता. यातली लाल कुठली, एवढं विचारायचं होतं फक्त. वायरमनने विचारलं नाही. एक निवडली आणि स्क्रू आवळला.

मी तिथे होतो. त्याच्या डोळ्यांतल्या लाखो पेशींत माझं पान उघडं होतं, आणि मी सगळीकडून एकच सांगत होतो. दुसरं सांगणारा शेजारी नव्हता.

मेन चालू केला. यंत्र हललं नाही. काय झालं बघावं म्हणून बेकरीवाल्याने उजवा हात यंत्रावर टेकला. खालची फरशी ओली होती.

त्याला इस्पितळात नेलं. सगळे त्याच्यामागे धावले आणि बेकरीत वायरमन एकटा उरला. त्याने टेस्टर लावून पाहिला, आणि सगळं लक्षात आलं: जिवंत तार यंत्राच्या अंगाला गेली होती. मग मेन पुन्हा बंद करून त्याने झाकण उघडलं, दोन तारांची अदलाबदल करून त्या बरोबर जोडल्या, आणि झाकण लावलं. संध्याकाळी लोक विचारायला लागले, तेव्हा खाली बघत तो म्हणाला, “केबल हलकी होती.”

बेकरीवाला वाचला. उजव्या हाताची तीन बोटं कायमची आखडली. केबल आणली होती धाकट्याने. घरातल्या बायका बोलल्या, मग शेजारी बोलले, मग थोरलाही बोलला. महिन्याभरात धाकट्याने वेगळी भट्टी थाटली, दोन गल्ल्या पलीकडे, आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. वायरमन अधूनमधून मित्राकडे जायचा, त्याला डाव्या हाताने पीठ तोलताना बघायचा, आणि काहीतरी काम आठवल्याचं सांगून निघायचा.

वायरमनला एक मुलगी होती. मुलगा असता तर माझा प्रवास तिथेच संपला असता, कारण बाप मुलाला हे गुणसूत्र देतच नाही. पण मुलीला ते द्यावंच लागतं. मी तिच्यात गेलो. तिला आईकडून आलेलं दुसरं, धडधाकट गुणसूत्र होतं, त्यामुळे तिला सगळे रंग दिसायचे. अपघातानंतर वायरमनने तिला एक खेळ शिकवला. रोज संध्याकाळी त्याच्या पिशवीतल्या हिरव्या वायरींना दोऱ्याची गाठ मारायची. पोर मन लावून गाठी मारायची. लग्न होऊन सासरी जाईपर्यंत तिने तो खेळ खेळला, आणि का, हे तिने कधी विचारलं नाही.

तिला मुलगा झाला. तिच्याकडे दोन गुणसूत्रं. मुलाला त्यातलं कुठलं जाणार हे कुणाच्या हातात नसतं. नाणं उडवावं तसं ते. मी म्हणत होतो, या वेळी दुसऱ्याला जाऊ दे. पण मीच गेलो.

पोरगं सतरा वर्षांचं झालं आणि त्याने आजोबांचं काम शिकायचा हट्ट धरला. वायरमनला आनंद झाला. आपलं उणं आपल्यापुरतंच आहे अशी त्याची समजूत. उलट त्याला वाटलं, आता विश्वासाचे दोन डोळे मिळाले. त्याने नातवाला मधल्या खोलीत बसवलं, पुढ्यात वायरी टाकल्या आणि म्हणाला, “माझे डोळे आता म्हातारे झाले. रंग तू सांगायचे, जोडायचं मी.”

लेक माहेरी आलेली होती. ती चहा घेऊन आली, तेव्हा नातू एक वायर उचलून ही लाल म्हणत होता आणि आजोबा मान डोलावत होते.

“अरे, ती हिरवी आहे,” ती म्हणाली.

नातू हसला. “काहीही काय, आई. आजोबा, ही लालच ना?”

वायरमनने वायर हातात घेतली. उलटसुलट केली. मग उजेडाकडे धरली. लेकीने हळूच चहा खाली ठेवला. तिची नजर वडिलांच्या तोंडावरून मुलाच्या तोंडावर गेली, आणि पुन्हा वडिलांवर आली.

दुसऱ्या दिवशी ती दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी रंगीत ठिपक्यांची वही काढली. नातवाने पहिला आकडा वाचला, पुढे नुसते ठिपकेच दिसतात म्हणाला. लेकीने सगळी पानं वाचली. मग तिने वही वडिलांपुढे सरकवली. चष्मा घरी राहिला, असं तो म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावर होता.

बाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं: आजोबांकडून लेकीला, लेकीकडून नातवाला. लेकीने त्या रेघांवरून बोट फिरवलं. “म्हणजे माझ्याकडून गेलं ते.” बाई म्हणाल्या, यात कुणाचाच काही दोष नाही. मी ऐकलं. तेवढ्याने मला बरं वाटलं नाही.

परतताना नातू पुढे चालत होता. लेकीने वडिलांना एवढंच विचारलं, की मी गाठी मारायचे त्या यासाठीच का. मग रस्त्याकडेच्या पायरीवर बसून वायरमनने बेकरीतली सगळी हकिकत लेकीला सांगितली. झाकण पुन्हा उघडल्याचं, तारा बदलल्याचं, धाकट्यावर आळ आल्याचं. ती रागावली नाही, समजूतही घातली नाही. बेकरीवाल्या काकांना ठाऊक आहे का, म्हणून विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो बेकरीत गेला आणि उभ्या उभ्याच बोलला. बेकरीवाला ऐकत होता आणि डाव्या हाताने फळीवरचं पीठ खरवडत होता. सगळं झाल्यावर तो म्हणाला, “तुला रंग दिसत नव्हते, त्याला तू काय करणार? पण केबल हलकी होती म्हणालास ना, तेव्हा तुला सगळं दिसत होतं.”

तीस वर्षं सगळा दोष मी माझ्या अंगावर घेत आलो होतो. त्यातला एवढा भाग माझा नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. पण त्याने मी सुटलो नाही. ते वाक्य बोलायची पाळी त्याच्यावर आणली कुणी?

“आणि माझ्याकडे काय आलास?” बेकरीवाला पुढे म्हणाला. “दोन गल्ल्या पुढे जा. आधी त्याला सांग.”

तो गेला. धाकट्याने ऐकून घेतलं आणि अर्धं शटर ओढून आत निघून गेला. वायरमनशी तो पुढे कधीच बोलला नाही. पण आठवड्याने तो थोरल्याच्या बेकरीत जाऊन बसलेला लोकांनी पाहिला. भट्ट्या अजून वेगळ्याच आहेत. घरची लग्नकार्यं मात्र आता एकत्र होतात.

वायरमन दोन वर्षांनी गेला. त्याच्यातला मीही संपलो. नातवाने वायरी सोडल्या आणि नळाची कामं शिकला. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, “पाण्याला काही रंग नसतो, आई.” ती बऱ्याच दिवसांनी हसली.

आता मी नातवात आणि त्याच्या आईत आहे. नातवाला मुली झाल्या तर मी त्यांच्यात जाईन, त्याला इलाज नाही. कुणाकडे जायचं आणि कुणाला सोडायचं, हे मला ठरवता येत नाही. येत असतं तर इथवर आलोच नसतो. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरातलं एखादं मूल चुकीचं रीळ घेऊन आलं, तर हात उगारण्याआधी त्याला काय दिसतं ते विचारा.

गेल्या महिन्यात नातवाचं लग्न ठरलं. मुलीला एकटीला भेटून त्याने आपल्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. तिने गंमत म्हणून ओढणीचं टोक पुढे धरलं आणि विचारलं, “मग ही कुठल्या रंगाची, सांग बरं.”

“मला नाही कळत,” तो म्हणाला. “तू सांग.”

या घरातल्या पुरुषाने हे आजवर कुणाला विचारलं नव्हतं. तिने सांगितलं, आणि दोघे पुढे चालू लागले. माफी मागायला मला तोंड नाही. येतो मी.