टायरला लावलेलं तेल

मित्रांनो, आष्टी गावातल्या एका पत्र्याच्या घरात भिंतीला मोठा खिळा ठोकलेला आहे आणि त्यावर एक काळं कडं लटकलेलं आहे. तो मी. माळावर आणि डोंगरवाटेवर चालणाऱ्या सायकलचा मी एक जुना टायर आहे. माझ्या एका कुशीला लांब चीर पडलेली आहे आणि तिच्याभोवतीचं रबर फुगून मऊ झालं आहे. ती चीर कशी पडली, हे या घरात वर्षभर कुणी उघड बोललं नाही. म्हणून मीच सांगतो.

कारखान्यात तारेच्या कड्यावर दोऱ्यांचं कापड चढवून, वर रबर देऊन, मला तापलेल्या साच्यात दाबलं. माझ्या कुशींना कापडाचा एक थर जास्तीचा दिला होता. त्यामुळे मी मजबूत झालो आणि जडही झालो. मला त्याचा फार अभिमान होता. पण जालना शहराच्या नवीन जालना भागात रामकिसनच्या सायकल दुकानात येऊन पडलो आणि तो अभिमान उतरला. गिऱ्हाईक मला उचलायचं, तोंड वाकडं करायचं आणि परत ठेवायचं. शेजारचे लाल पट्टीवाले पातळ टायर मात्र आले तसे विकले जायचे. मी आपला धूळ खात पडून होतो.

एक दिवस अक्षता आली. ती आष्टीच्या वसंताची मुलगी. वसंता गावातल्या अप्पारावांचा ट्रॅक्टर चालवतो. अक्षता कॉलेजसाठी जालन्यात मावशीकडे राहायची आणि सुट्टीला गावी जाऊन माळावर सायकल पळवायची. रामकिसनने तिच्यापुढे लाल पट्टीवाला टायर ठेवला.

"हे न्या ताई. एकदम हलकं. समदी पोरं हेच नेऊन राह्यलेत."

"हलकेच नेले व्हते काका. दोन्ही बाभळीनं खाल्ले. सुगीत आमच्याकडं जनावरं शिरू न्हाई म्हणून शेताच्या तोंडाला काट्याच्या फांद्या वढून टाकतेत. माझी वाट तिथूनच जाती."

मग तिने मला उचललं. तिने तोंड वाकडं केलं नाही. अंगठ्याने माझी कूस दाबून पाहिली. माझ्या अंगावरच्या रबरी ठोकळ्यांवरून, ज्यांना दुकानात गट्टू म्हणतात, बोट फिरवलं.

"मधले गट्टू बुटके आन् जवळजवळ हायेत. मुरमावर लवकर झिजणार न्हाईत. कडेचे उंच हायेत, वळणाला धरतेल. साईड बी जाड हाय."

"जड हाय पण. चढाला पाय दुखतेल तुमचे."

"दुखू द्या. सायकल ढकलत घरी आणण्यापेक्षा बरं."

त्या दिवशी माझ्या जडपणाचं कुणीतरी पहिल्यांदा कौतुक केलं. मी तिच्या सायकलच्या मागच्या चाकावर चढलो. मागचं चाक म्हणजे सगळा भार आपल्यावर, हे पुढच्या टायरला सांगून पटत नाही.

ते दिवस माझे सोन्याचे होते. आष्टीच्या माळावरचे अणकुचीदार दगड मला ओरबाडायचे, बाभळीचे काटे अंगात मोडायचे, पण आत ट्यूबपर्यंत क्वचितच पोचायचे. संध्याकाळी वसंता कामावरून आला की पक्कड घेऊन माझ्यापुढे बसायचा. शर्यतीतलं त्याला काही कळत नव्हतं. पण ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगने खरखरीत झालेल्या हातांनी तो एकेक काटा असा अलगद उपसायचा, की मला दुखायचं नाही. त्याच्या अंगाला कायम जळक्या ऑईलचा वास यायचा. मला तो वास घरातल्या माणसाचा वाटायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर भोकरदनकडच्या डोंगरवाटेवर शर्यत होती. तिच्यातून जिल्ह्याच्या मुलींचा संघ निवडायचा होता. अक्षताच्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष होतं. यंदा हुकलं की तो दरवाजा कायमचा बंद. परीक्षा असल्याने ती महिनाभर जालन्यातच राहिली आणि सायकल घरी ठेवून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, सायकलकडं ध्यान ठेवा."

वसंताने ध्यान ठेवलं, मित्रांनो. गरजेपेक्षा जास्त ठेवलं.

खंडेनवमीला गावात यंत्रांची पूजा होते. अप्पारावांचा ट्रॅक्टर धुणं, इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल फडक्याने टायरांना चोळून ते काळेभोर करणं, हे दरसाल वसंताचंच काम. त्यानंतर अप्पारावांनी हार घालायचा. वसंताच्या घरी दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, घरात पूजा अशी नव्हती. पण ट्रॅक्टर चकाकलेला पाहून त्याला लेकीची सायकल आठवली. उरलेलं ऑईल डब्यात घेऊन तो घरी आला आणि फडकं माझ्या कुशीवर फिरवू लागला.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तेल लावलं की लाकूड टिकतं, कातडं टिकतं, म्हणून रबरही टिकेल असं त्याला वाटलं. तेल रबराला आतून खातं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टरचा टायर जाडजूड, वर्षातून एकदा लावलेलं तेल त्याला पचतं. माझं तसं नव्हतं. आणि वसंता एकदा लावून थांबला नाही. पुढे रोज संध्याकाळी फडकं घेऊन बसायचा, लेकीशी बोलावं तसा माझ्याशी बोलायचा आणि चोळायचा. माझी कूस दिवसेंदिवस मऊ पडत गेली. मला त्याचा राग आला नाही. राग कुणाचा करणार? फार वाईट मात्र वाटलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी अक्षता आली.

"बाबा, टायर लई चमकून राह्यलं."

"मंग! लेकीचं हाय ते," वसंता म्हणाला. माझ्यातून वास येत होता, पण तो वास तिच्या बापाच्या अंगाचाच होता. तिला वेगळं काही जाणवलं नाही.

शर्यतीत चढावर ती पुढे होती. मी जीव तोडून माती धरत होतो. उतारावर एक धारदार दगड आडवा आला. असले दगड मी पूर्वी किती झेलले होते! या वेळी मात्र माझी कूस फाटली आणि ट्यूब फुटली. मागच्या मुली शेजारून निघून गेल्या.

अक्षताने मला चाकावरून उतरवलं. चिरेत बोट घातलं, तर ते काळं आणि चिकट झालं. तिने बोट नाकाशी नेलं. तो तिच्या बापाच्या अंगाचा वास होता. तिला सगळं समजलं होतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पण ती उठली. बांधावर कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट पडलं होतं, चिवट आणि जाड. त्याची घडी करून तिने आतून माझ्या चिरेवर लावली, सोबत आणलेली नवी ट्यूब घातली, हवा भरली आणि शर्यत पुरी केली. तोवर निवड होऊन गेली होती. संघात तिचं नाव नव्हतं.

शेवटच्या रेषेपाशी वसंता पाण्याची बाटली धरून उभा होता.

"काय झालं गं माय?"

"दगुड लागला बाबा. लई धारदार व्हता."

"मी तर टायर किती जपलं."

"हो बाबा. तुम्ही जपलं म्हणून इथवर तरी आले."

घरी आल्यावर वसंताने मला फेकू दिलं नाही. खिळा ठोकून भिंतीवर टांगलं. अक्षताने माझ्यासारखाच जाड कुशीचा दुसरा टायर आणून बसवला. आता कुठल्या निवडीसाठी नाही, पण ती सायकल चालवतेच.

पुन्हा खंडेनवमी आली. अप्पारावांचा ट्रॅक्टर चमकवून वसंता डबा आणि फडकं घेऊन घरी आला आणि सायकलपुढे बसला. अक्षताने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, याला तेल नका लावू. रबराला तेल सोसत न्हाई. पाण्यानं धुऊ."

"ट्रॅक्टरला तर दरसाल..." म्हणता म्हणता तो थांबला. त्याने वर माझ्याकडे पाहिलं. उठून जवळ आला, अंगठ्याने माझी चीर दाबली. अंगठा मऊ रबरात रुतला. त्याने तो नाकाशी नेला.

"तुला ठाव व्हतं?" त्याने विचारलं.

अक्षता मोरीकडे वळली. बादली भरून घेऊन आली. "तुम्ही चाक धरा बाबा, मी धुते."

मित्रांनो, वस्तूंवर माया करा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो, की माया करण्याआधी त्या वस्तूला काय सोसतं ते विचारून घ्या. वसंताइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही, आणि त्याच मायेने मी फाटलो.

त्या दिवशी वसंताने लगेच चाक धरलं नाही. तो मोरीवर गेला. साबणाने हात धुतले, हुंगून पाहिले, पुन्हा धुतले. लेक बादलीपाशी थांबून राहिली. हाताचा वास पुरता गेल्याची खात्री झाल्यावरच तो परत आला आणि त्याने चाक धरलं.