तीन दिवसांची मालकीण

जमातीत, म्हणजे धर्माचं शिकायला-सांगायला गावोगाव जाणाऱ्या गटात, जायचं ठरलं तेव्हा मला धास्ती पाठांतराची नव्हती, अनोळखी बायांची होती. वकार, म्हणजे माझा नवरा, धाड ते बुलढाणा जीप चालवतो. त्याने मशिदीत आमच्या दोघांचं नाव तीन दिवसांसाठी देऊन टाकलं आणि मग घरी येऊन मला सांगितलं. आधी बायकोला विचारायचं असतं, हे त्याला लग्नाला बारा वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

"काऊन, मले इचारलं होतं काय?" मी म्हणाले.

"दीनाचं, धर्माचं काम हाय. शिकायले भेटते. तूच म्हनत होती ना, मले काहीच येत नाही म्हनून?"

"मंग कापूस कोन वेचन?"

यावर तो जीप पुसायला निघून गेला. कापूस आमचा नव्हताच. आमच्या दोन एकरांत आम्ही दोन वर्षं बीटी लावली. पहिल्या वर्षी झाडं अशी लदबदली की आम्ही घरावर नवे पत्रे टाकायच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या वर्षी ऐन बोंडं धरायच्या वेळी पाऊस गायब झाला आणि शेतात नुसत्या काड्या उरल्या. यंदा ते शेत पडीक होतं आणि मी शालूबाईच्या टोळीत लोकांचा कापूस वेचायला जात होते. शालूबाईला भीतभीतच सांगितलं, तर ती म्हणाली, "जाय तू. तुह्या ओळी आमी वाटून घेऊ. पन देवाजवळ माह्यं बी नाव घेजो."

आमची जमात रोहिणखेडला गेली. पुरुष मशिदीत उतरले आणि आम्ही सात बाया गावातल्या अब्दुल गनी यांच्या घरी. पडद्याआड राहायचं, एकत्र नमाज, एका ताटात चौघींनी जेवायचं, किताब ऐकायची आणि गावच्या बाया आल्या की त्यांना दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या. हे सांगायचं कसं, तेच तर शिकायला आम्ही आलो होतो. आवाज बाहेर गेला नाही पाहिजे, हा पहिला नियम. माझा आवाज चार ओळी पलीकडच्या बाईला हाक मारून मारून घडलेला. पहिल्या तासातच मला तीनदा "हळू, बेटी, हळू" ऐकावं लागलं.

हे म्हणणाऱ्या गुलनार आपा आमच्यात मोठ्या होत्या. बुलढाण्याच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचं बोलणं इतकं स्वच्छ की माझी अर्धी उर्दू आणि अर्धी वऱ्हाडी मला तोंडात गरम बटाट्यासारखी वाटायची. पहिल्याच दुपारी त्यांनी सगळ्यांना गोल बसवून ओळख सांगायला लावली. एकीचं कपड्याचं दुकान, एकीचा नवरा दवाखान्यात नोकरीला, एकीचे दीर मुंबईत इंजिनियर. माझी पाळी आली.

"मी कौसर. आमची कापसाची शेती हाय," मी म्हणाले.

खोटं कुठे होतं? शेत होतं, कापूसही होता. फक्त आमच्या शेतात कापूस नव्हता आणि ज्या शेतात कापूस होता ते आमचं नव्हतं. बोलून गेले आणि हात ओढणीखाली घेतले. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी वेचणारीची बोटं नखांजवळ सोलून निघतात. ती बोटं कोणी पाहिली असती तर माझी शेती तिथल्या तिथे खलास झाली असती.

जमातीत शिकवतात त्या सहा गोष्टी पाठ करायच्या होत्या. चार मला झटक्यात आल्या. पाचवी आली की जीभ अडकायची. पाचवी होती नियत साफ ठेवण्याची. आपा प्रेमाने म्हणायच्या, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणायचे आणि मला स्वतःची लाज वाटायची. इतकी वाटायची की रात्री वकारला निरोप पाठवून सकाळच्या गाडीने परत जावं, असं दोनदा मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता गावच्या बायांना बोलावलं होतं. दोन म्हाताऱ्या आल्या. त्यातली एक बहिरी. चार वाजेपर्यंत वाट पाहून आपांनी किताब मिटली आणि म्हणाल्या, "इथल्या बायांना दीनाची ओढच दिसत नाही."

माझं डोकं फिरलं.

"ओढ नाही?" मी म्हणाले, तेही चार ओळी पलीकडे जाईल अशा आवाजात. "आपा, अख्ख्या गावाचा कापूस एकाच वक्ताले फुटला. त्या सकाळीच वावरात गेल्या. संध्याकाळी कापसाचं वजन झाल्याबिगर त्यायले सोडते कोन? मंग घरी येऊन चूल. कवा यावं त्यायनं?"

आपांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "तुला कसं माहीत?"

खरं सांगायची ती वेळ होती. ती मी घालवली.

"आमच्या वावरातल्या बाया सांगतात ना," मी म्हणाले. आता माझ्याकडे शेतीच काय, मजूरही झाले होते.

आपा रागावतील असं वाटलं होतं. त्या उलट विचारात पडल्या. "मग वजन झाल्यावर बोलावू. चुलीचं काय करायचं?"

"भाकरी आपन करून ठेवू. त्या बसतीन, आयकतीन, आन भाकरी घेऊन घरी जातीन."

आपांनी पडद्याशी जाऊन नवऱ्याला सांगितलं, त्यांनी मशिदीत विचारलं आणि तासाभरात होकार आला. तिसऱ्या दिवशी अब्दुल गनींच्या घरच्यांनी घराघरांतून ज्वारीचं पीठ आणलं आणि आम्ही दुपारपासून भाकरी थापायला बसलो. आपांची पहिली भाकर उचलतानाच फाटली, दुसरी तव्यावर फाटली. तिसरी त्यांनी गुपचूप परत पिठात कालवली, ते मी पाहिलं आणि मेले हसून. त्याही हसल्या. मला ती बाई फार आवडायला लागली होती आणि म्हणूनच माझं खोटं जास्त टोचायला लागलं.

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर बाया आल्या. वीस-बावीस तरी असतील. केसांत कापसाचे तंतू, पायांना माती. अदीबा नावाची एक तरणी बाई माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि "हुश्श" म्हणून तिने पाय पसरले. मला एकदम शालूबाईच्या टोळीत बसल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आपा कौतुकाने म्हणाल्या, "ही कौसर. हिची कापसाची मोठी शेती आहे. तुमच्या वेळेची काळजी हिनंच केली."

अदीबाने पाय ओढून घेतले. "सरका वं, मालकीनबाईले जागा द्या," मागून कोणीतरी म्हणालं. बाया सरकल्या. माझ्या चारी बाजूंना जागा झाली आणि मी मधोमध एकटी. आपांनी काय काय विचारलं, पण सगळ्या खाली पाहून "हाव, हाव" म्हणत होत्या. मालकिणीसमोर बाया अशाच बोलतात. मीही तशीच बोलते.

मला ते सहन झालं नाही. मी उठले.

"मले मालकीन म्हनू नका वं," मी म्हणाले आणि दोन्ही हात ओढणीतून बाहेर काढून दिव्यापुढे धरले. "मी वेचनारी हाय. धाडच्या शालूबाईच्या टोळीतली. आमचं वावर पडीक हाय. आपा, मी खोटं बोलली. एकदा नाही, दोनदा."

अदीबाने माझं बोट धरून उजेडात फिरवलं. "हे तं आपल्यातलीच निंगाली वं!" ती ओरडली आणि अख्खी खोली हसली. बाया परत सरकल्या, या वेळी माझ्याकडे. मग जी तोंडं उघडली ती मिटेनात. कोणाच्या मालकाचा काटा खरा, कोणाचा खोटा, कोणाच्या वावरात अळी निघाली, सगळं बाहेर आलं.

आपांकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. मग त्याच सगळ्यांना शांत करून म्हणाल्या, "आजची दुआ कौसर मागेल."

"मले नाही येत, आपा. पाठ नाही."

"पाठ नको. आत्ता बोललीस तसंच बोल."

मी हात पसरले. "या अल्ला," मी म्हणाले, "या बायायच्या बोटायले आराम दे. बोंडं फुटू दे, पन लेकरं शाळेतून काढून वावरात न्यायची पाळी नको आनू. शालूबाईले सुखी ठेव. आन संध्याकाळी काट्यावर आमचं वजन बराबर लागू दे. जो काटा मारते त्याले अक्कल दे."

"आमीन!" बाया अशा गरजल्या की तव्यावरचं झाकण हललं.

लगेच पडद्यापलीकडून, मशिदीतून आलेल्या वकारचा घाबरा आवाज आला, "अवं, आवाज बाहीर येऊन राह्यला!"

तीन दिवस मला हळू, हळू म्हणणाऱ्या आपांनी डोळे पुसले.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "कौसर, ते काट्याचं पुन्हा एकदा माग."