पाणी नको म्हणणारा सायकलवाला

आमचं घर सडकेला लागून, आखाडा बाळापूरच्या अलीकडं. दोन हजार तीनच्या श्रावणात झड लागली ती उघडायचं नाव घेईना. मेंढरं वाडग्यात उभ्यानं भिजून राहिली होती, त्यांची खुरं कुजायला लागली होती, अन् मी देवाला शिव्या घालत ओसरीवर बसले होते. उन्हाळ्यात पाऊस मागायचा तोबी आमीच, श्रावणात त्याला शिव्या द्यायच्या त्याबी आमीच.

माझा शिवहार मेंढरांच्या ट्रकावर बसून हैदराबादेकडं गेला त्याला चार वर्षं झाली होती. ट्रक परत आला, हा आला न्हाई. गावात कोणी म्हणे मेला, कोणी म्हणे जेलात हाय. मी एकेकीचं तोंड बंद केलं. माझं पोरगं हाय, चुकायला कोकरू न्हाई, येईल म्हटलं. सून सत्यशीला दिवसभर मेंढरं चारायची अन् सांजच्याला सडकेकडं तोंड करून भाकऱ्या थापायची.

त्या दिवशी दुपारी एक सायकलवाला दारात आला. सायकलीला मागं-पुढं पिशव्या बांधलेल्या, अंगावर मेणकापड, तरी नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळून राहिलं होतं. शहरातलं पोरगं, दाढी वाढलेली. ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"अनुसयाबाई तुम्हीच का? शिवहारच्या आई?"

मी ताडकन उठले. म्हटलं, "व्हय, मीच. वर ये की. कुत्र्यावानी भिजत काहून उभा?"

"नको आजी, इथंच बरं. पायाला चिखल आहे."

सत्यशीला धावत पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यानं हात जोडले. "पाणी नको. निरोप सांगतो आणि निघतो."

आमच्याकडं मरणाचा सांगावा आणणारा माणूस ओसरी चढत न्हाई, त्या घरचं पाणी पीत न्हाई. दारातून सांगतो अन् वळतो. शेंबड्या पोरालाबी हे ठाऊक.

सत्यशीलाच्या हातातला तांब्या पडला. मी छाती बडवून असा हंबरडा फोडला की त्या पावसातबी शेजार गोळा झाला. आमच्या भावकीतल्या भागूबाईला असल्या कामाची भारी हौस. तिनं सत्यशीलाला खाली बसवलं, कुंकू पुसलं अन् दोन्ही मनगटं उंबऱ्यावर आपटली. बांगड्यांचा चुरा झाला. रक्त आलं.

सायकलवाला आधी बघतच राहिला. मग ओरडला, "अहो काय करताय? जिवंत आहेत ते! चांगले ठणठणीत आहेत!"

भागूबाईनं सत्यशीलाची मनगटं सोडली.

"मग पाणी काहून घेत न्हाईस रे मुडद्या?" मी विचारलं.

"पोट बिघडलंय आजी! वाटेत कुठलंतरी पाणी बाधलं. तेव्हापासून उकळलेलंच पितोय."

मी रडता रडता हसले. त्याला हाताला धरून वर ओढलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. भागूबाईला म्हटलं, "लई घाई झाली होती ना तुला? बघ, जिता हाय माझा वाघ!"

पोरगं सांगायला लागलं. कन्याकुमारीहून एकटंच निघालेलं. निजामाबादच्या अलीकडं त्याचं टायर फाटलं. तिथं सडकेला शिवहारचं पंक्चरचं दुकान. मराठी ऐकून शिवहारनं त्याला मुक्कामाला ठेवून घेतलं, जेवू घातलं.

"जेवू घातलं? कोणी रांधलं?" भागूबाईनं बराबर विचारलं.

पोराचं लक्ष सत्यशीलाच्या मनगटांकडं गेलं. "या कोण?"

"कोण म्हंजे? त्याची बायको!"

त्याचा चेहरा पडला. खाली बघून मेणकापडाची गाठ सोडायला लागला, पुन्हा बांधायला लागला.

"येणार कवा हाय तो?" मी विचारलं.

सत्यशीलानंच विचारलं, "लेकरं किती हायेत त्यांना?"

"दोन," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून हळूच, "वाट बघू नका म्हणाले, आजी. एवढंच सांगायला सांगितलं होतं. मला बाकीचं माहीत नव्हतं."

मी उठले. "असाच माघारी जा. त्याला म्हणावं, तुझ्या मायनं..."

"आजी, मी आता हिंगोली, वाशीम करत वर चाललोय. त्या वाटेनं परत जाणार नाही."

एवढ्या शिव्या तोंडात आल्या होत्या, न्यायला माणूस न्हाई. तो माझ्या पाया पडला अन् झडीतच सायकल हाणत गेला.

भागूबाई म्हणाली, "कासाराला बोलावते. नवरा जिता असताना मोकळे हात बरे न्हाईत."

"तुझी जीभ आधी भरून घे त्याच्याकडून," मी म्हटलं अन् सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं.

सत्यशीला उंबऱ्यापाशी तशीच बसली होती. "आत्या," ती म्हणाली, "मघाशी मेले म्हणून रडले. आता काय म्हणून रडू?"

मी चुलीपाशी जाऊन हळद आणली. तिच्या मनगटाला हळद दाबत बसले. रक्त थांबल्यावर म्हटलं, "उद्या तुझ्या भावाला निरोप धाडते. न्यायला ये म्हणून."

"अन् तुमी?"

"मी त्याची माय हाय," मी म्हटलं. "मला कोण न्यायला येतंय?"