राखीव पाच लिटर

डब्याच्या खालच्या सांध्याशी पेट्रोलचा एक थेंब जमत होता. मोहरीएवढा झाला की तो तिथंच थांबायचा, कडेनं आटत जायचा आणि पडायच्या आतच नाहीसा व्हायचा. मागं उरायचं ते चहाच्या रंगाचं चिकट पुट. झुबेदाभाभीनं ते नखानं खरवडलं, नख नाकाशी नेलं आणि मोटारसायकलच्या पलीकडं उभ्या असलेल्या लालासाहेबाकडं पाहिलं.

"डबा सोडवा," ती म्हणाली. "रिकामा केल्याबिगर मी डाग देनार न्हाई. एवढ्यात वर जायचं न्हाई मला."

तिची पत्र्याच्या कामाची टपरी माधवनगरहून कुपवाडला जाणाऱ्या रस्त्यावर होती. नवरा नियाज गेल्यावर टपरी बंद होणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिनं दुखवट्याचे चाळीस दिवस संपल्यावर काही महिन्यांनी कुलूप काढलं, भट्टी पेटवली आणि स्टोव्हच्या टाक्यांना, कंदिलांना, झाऱ्यांना कथलाचा डाग द्यायला बसली. हा डबाही दोन वर्षांपूर्वी तिनंच केला होता.

गाडी लष्कराच्या लिलावातली. फौजेत असताना लालासाहेब अशाच गाडीवरून टपाल पोचवायचा, त्यामुळं तिचा एकेक नट त्याच्या बोटांना ठाऊक होता. साइडकार काढून टाकून त्यानं ती आपल्या कामाजोगी करून घेतली होती. ओढ्यात बुडू नये म्हणून सायलेन्सरची नळी वळवून सीटच्या उंचीवर आणली होती, चिखल अडकू नये म्हणून पुढचा मडगार्ड कापून वर उचलला होता. मागं डाव्या अंगाला लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा, पिंजऱ्यात सायकलच्या ट्यूबच्या घड्या, आणि त्या घड्यांवर घट्ट बसवलेला हा पाच लिटरचा डबा.

विहिरींची पाणीपातळी मोजणं हे त्याचं सरकारी काम. दर महिन्याला त्याच विहिरी, त्याच तारखा. तारीख हुकली तर आकड्याला अर्थ राहायचा नाही. फेरीची शेवटची विहीर कवठे महांकाळच्या पुढं, बिराप्पाच्या मळ्यात, पंचवीस तारखेला. तिथवर जाऊन यायला गाडीची टाकी पुरायची. डब्याचं काम त्याच्या पुढं होतं. बिराप्पाच्या मळ्यापासून आडवाटेनं बावीस किलोमीटरवर खडकेवाडी होती. तिथं पेट्रोल मिळत नव्हतं, आणि तिथं त्याची मुलगी होती.

भाभीनं डबा उलटा करून पेट्रोल एका पांढऱ्या पातेल्यात ओतलं. ते तांबूस दिसत होतं, आणि त्याला पेट्रोलपेक्षा रोगणाचा वास जास्त होता.

"हे कवाचं?"

गेल्या महिन्यातलं असेल, असं लालासाहेब पुटपुटला. भाभी हसली नाही. माहेरी तिच्या वडिलांचं रॉकेलचं दुकान होतं, नाक तिथं तयार झालं होतं. हे पेट्रोल म्हातारं होऊन बसलंय, ती म्हणाली, वर्ष होऊन गेलंय, कदाचित दोन.

"दोन वर्सं गाडीला गळ्यात दागिना घालून हिंडवली तुमी. एक घोटबी पाजला न्हाई तिला."

तो पिंजऱ्याचा बोल्ट घट्ट करत राहिला. बोल्ट आधीच घट्ट होता.

भाभीनं डबा सोड्याच्या पाण्यानं तीनदा विसळला, वाफ निघून जावी म्हणून उन्हात पालथा घातला आणि त्याच्यासमोर पाटावर बसली. कुठं जायचं राहिलंय, एवढंच तिनं विचारलं. लालासाहेबानं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. बायको बाळंतपणात गेली तेव्हा तो सरहद्दीवर होता. दहा दिवसांच्या अंजनाला थोरल्या मेव्हणीनं, साळूबाईनं, पदराखाली घेतलं. साळूबाई विधवा, मूलबाळ नाही. फौजेतून कायमचा परत आल्यावर, दोन वर्षांपूर्वी, तो पोरीला भेटायला गेला. अंजी दिवसभर कणगीच्या मागून बाहेर आली नाही. निघताना त्यानं किक मारली तेव्हा ती त्याला आरशात दिसली, दारात उभी, पाहुणा खरंच गेला ना ते बघायला आल्यासारखी. वाटेत टाकी कोरडी पडली. तीन मैल गाडी ढकलताना त्यानं ठरवलं की पुढच्या खेपेला राखीव पेट्रोल घेऊन यायचं. ती खेप अजून झाली नव्हती. दर पंचवीस तारखेला काम उरकलं की तो डब्याच्या झाकणावर हात ठेवायचा, पण फिरवायचा नाही.

आता मार्चमध्ये साळूबाईनं शाळामास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं. अंजी चौथी पास होईल, गावात पुढं शाळा नाही. 'न्यायची का ठेवायची ते एकदा तोंडानं सांगून जा. पोरीला मी काय सांगू?'

भाभीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, डब्याच्या आत हात घालून कोरडा झाल्याची खात्री केली आणि डाग द्यायची तापलेली सळई सांध्यावरून एका दमात ओढली. कथील चमकलं आणि लगेच निवून पांढुरकं झालं. डब्यात पाणी भरून तिनं तो पाच मिनिटं कोरड्या फरशीवर ठेवला. फरशी कोरडीच राहिली.

"ताजं भरा," डबा त्याच्या हातात देत ती म्हणाली. "गळाला तर माज्याकडं या, लालाभाऊ. तसाच भरलेला परत आनला तर मात्र येऊ नका."

पंचवीस एप्रिलला दुपारी बाराच्या सुमारास त्यानं बिराप्पाच्या विहिरीत खडू लावलेली फीत सोडली. वर ओढल्यावर जिथवर खडू भिजला होता तिथला आकडा वाचला. वहीत लिहिला, खाली रेघ मारली. बिराप्पा दर महिन्यासारखा चहा घेणार का म्हणाला. दर महिन्यासारखं नको म्हणून लालासाहेब गाडीपाशी आला, डबा पिंजऱ्यातून सोडवला आणि टाकीवर उंच धरला. पेट्रोल टाकीत उतरू लागलं तसा पोकळ आवाज हळूहळू भरत गेला. बिराप्पा चहाचा विचार सोडून बघत उभा राहिला.

"आज खडकेवाडीला व्हय?"

"व्हय."

बिराप्पानं मान हलवली. खडकेवाडीचं नाव त्याला कसं सुचलं, याचं लालासाहेबाला नवल वाटलं.

ओढ्याच्या पात्रात वाळू घोटाभर होती. गाडी पहिल्या गियरवर पाय घासत न्यावी लागली. वाटेत त्याला माणूस भेटलं नाही. बाभळीखाली थोड्या शेळ्या होत्या, त्यांनीही मान वर केली नाही. सांगायचं वाक्य त्यानं महिनाभर घोटलं होतं. पोर तुमचीच समजा, आक्का, मी वर्षातनं एकदा येत जाईन. त्यात खोटं काही नव्हतं. त्याची कुपवाडची खोली एका खिडकीची होती, महिन्यातले दहा दिवस तो फिरतीवर असायचा, आणि पोरीला त्याची भीती वाटत होती. साळूबाईला मागं कुणी नव्हतं. सगळं एका बाजूनंच जुळत होतं. त्यानं ते वाक्य पुन्हा एकदा मनात म्हटलं. हेल्मेट नसल्यानं तोंडात धूळ जात होती.

घराच्या थोडं अलीकडं त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत अंगणात आणली.

अंजी उंबऱ्यावर बसली होती. केस चापून बसवलेले, दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी, अंगात सणाचं पोलकं. ती लांबोडकी झाली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण उठून आत गेली नाही. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

साळूबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं पाव्हणं म्हटलं, बसा म्हटलं, पाणी द्यायला अंजीला खुणावलं. लालासाहेब ओसरीच्या कडेला टेकला.

"आज गावात काय हाय?" त्यानं विचारलं.

"कुटं काय."

"न्हाई, पोरगी नटून बसलीया म्हणून."

साळूबाईनं हाताचं पीठ पदराला पुसलं.

"पंचवीस तारीक न्हवं का आज," ती म्हणाली.

त्याला उलगडा होईना. मग साळूबाईनं सांगितलं, आवाज न चढवता, जनावरांच्या चाऱ्याबद्दल सांगावं तसं. बिराप्पा बाजाराला भेटायचा. पाव्हणं पंचवीसला येत्यात, हिरीत फीत सोडत्यात आन् जात्यात, असं तो एकदा म्हणाला, तेव्हा अंजी तिथंच पिशवी धरून उभी होती. त्या महिन्यापासून पंचवीस तारखेला पोरगी सकाळीच न्हायची, वेण्या घालून घ्यायची आणि उंबऱ्यावर बसायची. शाळा असली तरी दुपारी पळून यायची. दिवस मावळला की रिबिनी सोडायची, घडी घालून डबीत ठेवायची आणि जेवायला बसायची.

"तोंडानं काय बोलायची न्हाई. मीबी कवा इचारलं न्हाई. तुमाला तरी काय म्हनून कळवायचं?"

अंजीनं तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला. तांब्या काठोकाठ भरलेला होता, ठेवताना थोडं पाणी सांडलं. ती पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली. तिनं डोळे खाली घातले नव्हते. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. घोटून ठेवलेलं वाक्य अजून जिथल्या तिथं होतं, शब्दाला शब्द लागून. त्यानं ते उचलायचा प्रयत्न केला.

साळूबाई आत चुलीपुढं जाऊन बसली होती. तिची पाठ इकडं होती. तव्यावर भाकरी होती. ती फुगली, मग कडेनं काळी पडायला लागली, करपल्याचा वास ओसरीपर्यंत आला. साळूबाईचा हात उलथन्यावर तसाच राहिला होता.

"आक्का," लालासाहेब म्हणाला, "मी अंजीला न्यायला आलोय."